डॉक्टरांना औषधं कोण शिकवतं?

(या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेल्या चुका काढल्यात, बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.)

कानात हेडफोन घालून रंकाळ्यावर फिरत असाल, नाहीतर केएमटीत खिडकीजवळची सीट मिळाली असेल. जिथं असाल तिथं अर्धा तास द्या. आजची गोष्ट एका काळ्या बॅगेची आहे.

संध्याकाळी सात-साडेसातला राजारामपुरीतल्या कुठल्याही गर्दीच्या दवाखान्यात जाऊन बसा. चंदगडहून आलेली आजी, गडहिंग्लजचं एक कुटुंब, निपाणीहून रिपोर्टची पिशवी घेऊन आलेले काका. आणि त्यांच्यात एक इस्त्रीचा शर्ट घातलेला, बूट चकचकीत, हातात बॅग असलेला तरुण. तो आजारी नाही. कंपाउंडर त्याला मान हलवून खुणावतो. दोन पेशंट झाले की तो आत जातो आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर येतो. बाहेर आपण कुरकुरतो, "अहो, नंबर आमचा होता की!"

तो एमआर. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. त्या दोन-तीन मिनिटांत आत जे चालतं, त्याला मी आज एक वेगळं नाव देणार आहे. ती शिकवणी असते. डॉक्टरांची शिकवणी.

जरा विचार करा. पन्नाशीतल्या डॉक्टरांनी एमबीबीएस केलं ते नव्वदच्या दशकात. आज मधुमेहाची, रक्तदाबाची, कॅन्सरची जी औषधं ते लिहितात त्यातली बरीच तेव्हा बाजारातच नव्हती. मग ही औषधं त्यांना शिकवली कुणी? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नियम आहे, पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवायचे, तरच नोंदणीचं नूतनीकरण होतं. त्यासाठी व्याख्यानं असतात, परिषदा असतात. त्यांच्या मंडपाबाहेर स्टॉल कुणाचे असतात आणि बॅनरवर नावं कुणाची असतात, हे कधी गेलात तर बघा. राहिलेली शिकवणी दवाखान्याच्या दारात होते. रोज. बॅग घेऊन.

लोकरी मावा आठवतोय?

तुमच्यातले निम्मे शेतकऱ्याच्या घरातले असणार, म्हणून आधी उसाची गोष्ट सांगतो. २००२ च्या सुमाराला आपल्या भागात उसावर लोकरी मावा आला. पानांच्या खालून पांढरा कापूस पसरल्यासारखा. शेतकरी घाबरला आणि धावत कृषी सेवा केंद्रात गेला. दुकानदारानं काय दिलं? फवारायची बाटली. दुकानदार वाईट माणूस होता का? नाही. पण त्याच्याकडं विकायला बाटलीच होती.

दुसरीकडं कृषी विद्यापीठातली, संशोधन केंद्रांतली माणसं सांगत होती की या माव्याला खाणारे मित्रकीटक आहेत, डिफा आहे, मायक्रोमस आहे, ते सोडा, सरसकट फवारू नका. पुढं मावा आटोक्यात आला त्यात या मित्रकीटकांचा वाटा मोठा होता. हे सांगायला माणूस होता, कारण शेतीत आपण तशी व्यवस्था केलीय. कृषी सहायक आहे, विद्यापीठ आहे, कारखान्याचा शेतकी विभाग आहे. दूध संघाचा डॉक्टर गोठ्यापर्यंत येतो. सगळं नीट चालतं असं मी म्हणत नाही. पण ज्याला काही विकायचं नाही असा एक माणूस बांधावर येऊ शकतो, ही कल्पना तरी आपल्याला माहीत आहे.

डॉक्टरांच्या बाबतीत आपल्याकडं फक्त दुकानदार आहे. बांधावर येणारा दुसरा माणूसच नाही. तो असावा म्हणून जगभरात आणि आपल्या महाराष्ट्रातही बऱ्याच लोकांनी धडपड केली, तोच आजचा इतिहास.

मिक्श्चरच्या बाटलीपासून ब्रँडच्या पट्टीपर्यंत

तुमच्या आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी डॉक्टरकडं जाताना घरून रिकामी बाटली न्यायला लागायची. आत कंपाउंडर मिक्श्चर करायचा आणि बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा, त्या पट्टीला कात्रीनं पाडलेल्या खुणा म्हणजे डोस. औषधं मोजकी होती आणि डॉक्टर त्यांना मूळ नावानं ओळखायचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. पेनिसिलिन आलं, मग एकामागून एक अँटिबायोटिक. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९७० चा पेटंट कायदा आला आणि भारतीय कंपन्यांना तेच औषध वेगळ्या प्रक्रियेनं बनवायची मुभा मिळाली. हे देशासाठी फार चांगलं झालं, औषधं स्वस्त झाली. पण एकच औषध पन्नास कंपन्या पन्नास नावांनी विकायला लागल्या की स्पर्धा कशावर होणार? औषध तर आत तेच. मग स्पर्धा नावावर आली. डॉक्टरांच्या पेनातून कुठलं नाव उतरतं, यावर.

इथं एमआरची नोकरी फोफावली. १९६३ साली त्यांची देशपातळीवरची संघटनाही झाली, एफएमआरएआय. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

स्पर्धा जिंकायची आणखी एक युक्ती म्हणजे दोन-तीन औषधं एका गोळीत घालायची आणि "नवीन" म्हणून विकायची. काही मिश्रणं खरंच उपयोगी असतात, क्षयरोगाची किंवा एचआयव्हीची घ्या. पण बरीचशी नुसती भेळ. ती भेळ किती साचली होती? मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एका दणक्यात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या, परत तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. ही काही चोरबाजारातली औषधं नव्हती. डिग्री घेतलेले डॉक्टर ती वर्षानुवर्षं चिठ्ठीवर लिहीत होते आणि आपण बिल भरून घेत होतो.

अजून जवळचं उदाहरण देतो. तुमचा जन्म २००० च्या आगेमागे असेल तर लहानपणी तापाला निमेसुलाइडचं सिरप तुम्हाला पाजलं गेलं असण्याची बरीच शक्यता आहे. ते लिव्हरला त्रासदायक ठरू शकतं, लहान मुलांना देऊ नका, असं काही डॉक्टर आणि पत्रकार कित्येक वर्षं ओरडून सांगत होते. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी आली २०११ मध्ये. तोपर्यंत अख्खी पिढी पिऊन मोकळी.

जगात पहिली ठिणगी

आता थोडं बाहेर जाऊया, कारण आपल्याकडच्या लोकांनी तिकडूनही शिकलंय.

१९५९ साली न्यूयॉर्कमध्ये 'मेडिकल लेटर' नावाचं छोटंसं पाक्षिक सुरू झालं. एकही जाहिरात नाही. नवं औषध आलं की ते खरंच जुन्यापेक्षा चांगलं आहे का, एवढंच सांगायचं. दोन वर्षांनी, १९६१ ला, थॅलिडोमाइडचं प्रकरण फुटलं. गरोदर बायकांना दिलेली 'सुरक्षित' गोळी, आणि जगभरात हजारो बाळं हात-पाय अर्धवट वाढलेली जन्माला आली. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये अँड्र्यू हर्क्सहायमर या डॉक्टरनं 'ड्रग अँड थेरप्युटिक्स बुलेटिन' सुरू केलं, तेही ग्राहक संघटनेच्या आधारानं. १९८१ ला फ्रान्समध्ये 'प्रेस्क्रीर' आलं, तेही जाहिरात न घेता.

जपानचं प्रकरण तर आपल्याला फारच जवळचं. जुलाबावर क्लिओक्विनॉल नावाचं औषध सर्रास दिलं जायचं, भारतातही, 'एंटेरोव्हायोफॉर्म' या नावानं. जपानमध्ये ते घेणाऱ्या लोकांचे पाय लुळे पडायला लागले, काहींची नजर गेली. दहा हजारांहून जास्त रुग्ण. १९७० ला जपाननं त्यावर बंदी घातली. आणि जुलाबावर खरं औषध काय? बहुतेक वेळा मीठ-साखरेचं पाणी. पण मीठ-साखरेच्या पाण्याचा एमआर नसतो, मंडळी. ते सांगायला डॉक्टरच्या दारात बॅग घेऊन कुणीच येत नाही.

आणि आपल्याकडं?

१९७४ साली केंद्र सरकारनं जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७५ ला अहवाल आला. त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक, देशाला खरंच लागणारी औषधं शंभराच्या थोडी वर आहेत, त्यांची यादी करा. दोन, ब्रँडची नावं टप्प्याटप्प्यानं काढा आणि मूळ नावं वापरा. १९७७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली, म्हणजे हाथी समिती त्यांच्याही दोन वर्षं पुढं होती. पण अहवालाचं काय झालं? भारताची पहिली राष्ट्रीय यादी निघायला १९९६ साल उजाडलं. ब्रँड तर आजही आहेतच.

याच काळात, १९७४ ला, काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन 'मेडिको फ्रेंड सर्कल' सुरू केलं. जयप्रकाशांच्या आंदोलनाचा तो काळ. कॉलेजात शिकलेली डॉक्टरकी आणि गावातलं दुखणं यांचा मेळ बसत नाही, हे त्यांना दिसत होतं. १९७६ पासून त्यांचं बुलेटिन निघायला लागलं. छोटं, साध्या कागदावर, पण वाद घालणारं. १९८० मध्ये महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटना उभी राहिली, तिनं औषधांचा विषय मराठीत लोकांपर्यंत नेला. देशभरातले असे गट मिळून ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क झालं.

पुण्यात आरोग्य दक्षता मंडळ होतं. डॉ. विश्वास राणे यांच्या पुढाकारानं ते 'पुणे जर्नल ऑफ कंटिन्युइंग हेल्थ एज्युकेशन' काढायचं. नाव मोठं, अंक छोटा. कॉलेज सोडलेल्या डॉक्टरला कंपनीशिवाय दुसरं कुणीतरी औषधाबद्दल सांगावं, एवढाच हेतू. आपल्या दुसऱ्या बाजूला, बेळगाव ओलांडलं की धारवाड, तिथून ड्रग ॲक्शन फोरम कर्नाटकाची मंडळी हेच काम करत होती. म्हणजे पुणे-बंगळूर हायवेवर कोल्हापूर मधोमध, आणि दोन्ही टोकांकडून हा आवाज येत होता.

त्यांनी काही लढाया जिंकल्याही. एक सांगतो. त्या काळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचं जास्त डोसाचं मिश्रण गर्भ राहिला का हे बघायला दिलं जायचं. गर्भ राहिला असेल तर बाळाला व्यंग यायची भीती, आणि गर्भ पाडायला तर त्याचा उपयोगच नाही, तरी त्यासाठीही वापर व्हायचा. १९८२ ला सरकारनं बंदीचा आदेश काढला. कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती आणली. महिला संघटना, मेडिको फ्रेंड सर्कल, ड्रग ॲक्शन नेटवर्क मागं हटले नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये बंदी आली. सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत किती बायकांनी ती गोळी घेतली असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

साताऱ्यातल्या चिठ्ठ्या

आता माझ्या मते यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. हायवेनं पुण्याहून कोल्हापूरला येताना सातारा लागतं ना, तिथला.

डॉ. अनंत फडके हे मेडिको फ्रेंड सर्कल आणि लोकविज्ञान संघटनेतलं जुनं नाव. डॉ. नोशीर अँटिया यांनी स्थापन केलेल्या एफआरसीएच या संस्थेतर्फे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्ख्या सातारा जिल्ह्यातल्या औषधांचा अभ्यास केला. १९९५ ला त्याचा अहवाल आला, पुढं १९९८ मध्ये त्यावर पुस्तकही झालं.

त्यांनी काय केलं? भाषण दिलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या आणि खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. एकेक औषध तपासलं. या आजाराला हे लागत होतं का? इंजेक्शन गरजेचं होतं का? हे टॉनिक कशाला? हे मिश्रण कशाला? आणि मग पैशाचा हिशेब मांडला की जिल्ह्यातले लोक औषधांवर जो खर्च करतात, त्यातला किती खरंच कामाचा आणि किती पाण्यात.

निष्कर्ष कडू होता. पाण्यात जाणारा भाग फार मोठा निघाला. खासगीतही आणि सरकारीतही.

हे अमेरिकेत किंवा दिल्लीत नाही, आपल्या शेजारी घडलं. सातारा आणि कोल्हापूर यांच्यात ऊस तोच, माणसं तीच, कंपन्यांचे एमआर तेच. साताऱ्याच्या आरशात आपलं तोंड दिसणारच की.

मग बुलेटिन काढून भागलं का नाही?

इथं आपण गोष्टीच्या गाभ्याला आलो. एवढी माणसं, एवढे अंक, एवढे अहवाल. तरी दवाखान्यातली चिठ्ठी फारशी बदलली नाही. का?

याचं उत्तर अमेरिकेत एका तरुण डॉक्टरनं शोधलं, जेरी ॲव्हॉर्न त्यांचं नाव. १९८२ मध्ये त्यांनी बॉस्टन भागातल्या ८५ डॉक्टरांना विचारलं, तुमच्यावर जाहिरातींचा, एमआरचा किती परिणाम होतो? बहुतेक म्हणाले, फार थोडा, आम्ही तर शास्त्रीय लेख वाचतो. मग त्यांनी दोन अशा औषधांबद्दल विचारलं जिथं जाहिरात एक सांगत होती आणि शास्त्रीय पुरावा बरोबर उलट. उदाहरणार्थ, म्हातारपणाच्या विसरभोळेपणावर रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या गोळ्या. आणि गंमत अशी की बऱ्याच डॉक्टरांची मतं निघाली जाहिरातीसारखी! ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण हे जर्नलमध्ये वाचलंय.

पुढच्या वर्षी, १९८३ ला, ॲव्हॉर्न आणि स्टीफन सुमेराय यांनी एक प्रयोग छापला. चारशेहून जास्त डॉक्टर घेतले आणि चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाला काहीच दिलं नाही. दुसऱ्याला छान छापलेली, निःपक्ष माहिती पोस्टानं पाठवली. तिसऱ्या गटाकडं माहितीबरोबर माणूस पाठवला. खास शिकवून तयार केलेला फार्मासिस्ट, जो दवाखान्यात जाऊन समोर बसून बोलणार. कंपनीचा नाही, विद्यापीठाचा.

नुसती माहिती पोस्टानं मिळालेल्या गटात फारसा फरक पडला नाही. माणूस गेला त्या गटात ती अनावश्यक औषधं लिहिण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं.

बघा, किती साधी गोष्ट आहे. ॲव्हॉर्न यांनी कंपन्यांचीच पद्धत उचलली. डॉक्टरच्या वेळेनुसार जायचं, थोडक्यात बोलायचं, एक चित्र दाखवायचं, त्याची अडचण ऐकून घ्यायची, परत जायचं. बॅग तीच, बॅगेतला माल वेगळा. याला पुढं 'ॲकॅडेमिक डिटेलिंग' असं नाव पडलं.

हा एकच प्रयोग होता का? नाही. २००७ मध्ये अशा ६९ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. औषधं लिहिण्यात साधारण ४.८ टक्के सुधारणा दिसली. आकडा छोटा वाटतो, जादू नाही ही. पण ती बहुतेक ठिकाणी सारखी दिसली, आणि लाखो चिठ्ठ्यांवर पाच टक्के म्हणजे किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता आपल्या लोकांकडं परत बघा. मेडिको फ्रेंड सर्कलचं बुलेटिन, पुण्याचं जर्नल, साताऱ्याचा अहवाल. हे सगळं कागदावर होतं. ज्या डॉक्टरला आधीच शंका होती तो ते वाचायचा. ज्याला वाचायला वेळ नव्हता, त्याच्या दारात मात्र महिन्यातून दोनदा बॅग येतच होती. आपल्या लोकांची माहिती खरी होती. तिला पाय नव्हते. आणि पाय द्यायला पगार लागतो.

बॅगवाल्यांनीच केस टाकली

एमआरला शिव्या घालून मोकळं व्हायचं नाही बरं का. तो आपल्यातलाच आहे. कोल्हापूर, सांगली, वारणा भागातून बी.फार्म झालेली किती पोरं ही नोकरी करतात! वर टार्गेट असतं, खाली पेट्रोल आणि ऊन. औषधाबद्दल त्याला चांगलं कळतं. पण त्यानं काय सांगायचं हे वरून ठरून येतं.

मघाशी सांगितलेली त्यांची संघटना आठवते? हीच एफएमआरएआय सुप्रीम कोर्टात गेली. मागणी काय, तर डॉक्टरांना भेटवस्तू देऊन औषध खपवण्याला कायद्यानं लगाम घाला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या सुनावणीत तापाच्या एका प्रसिद्ध गोळीच्या प्रचारावर १००० कोटी खर्च झाल्याचा आरोप झाला. कंपनीनं तो नाकारला. आरोप बाजूला ठेवा. बॅग उचलणारी माणसंच म्हणतायत की हे थांबवा, ही गोष्ट केवढी मोठी आहे!

नियम तसे बरेच झाले. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत होतं की डॉक्टरांनी शक्यतो मूळ नावानं औषध लिहावं. २००९ मध्ये कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च घ्यायला मनाई झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींवर कंपनीला करात सूट मागता येणार नाही, शेवटी तो खर्च औषधाच्या किमतीत घालून पेशंटकडूनच वसूल होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले, मूळ नाव सक्तीचं वगैरे, आणि तीन आठवड्यांत स्थगित झाले. मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी प्रचाराची नवी आचारसंहिता आली.

हे सगळे नियम डॉक्टरांनी काय घ्यायचं नाही ते सांगतात. पेन घेऊ नका, विमानाचं तिकीट घेऊ नका. चांगलंच आहे. पण मग डॉक्टरांना नवीन औषध शिकवायचं कुणी? त्या रिकाम्या खुर्चीवर बसायला कुणाला पाठवायचं? याबद्दल एकही नियम बोलत नाही. आणि खुर्ची रिकामी असली की जुनाच पाहुणा परत येऊन बसतो.

कोल्हापुरात काय होऊ शकतं?

मला वाटतं, दुसऱ्या बॅगेसाठी लागणारं जवळपास सगळं सामान इथं आहे.

सीपीआर आहे, त्याला जोडलेलं राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे औषधशास्त्राचा विभाग आला. फार्मसी कॉलेजं आहेत. २००८ पासून देशात फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. औषधांचा पुरावा वाचायचा, पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून डॉक्टरशी चर्चा करायची, हेच तर त्यात शिकवतात. आणि पास झाल्यावर त्यांना आपल्याकडं त्या कामाची नोकरी सहज मिळत नाही.

तीन महिन्यांतून एकदा, एकच विषय. यावेळी लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक कधी नको. पुढच्या वेळी ॲसिडिटीच्या गोळ्या किती दिवस. शिकवलेला फार्मासिस्ट, हातात दोन पानं, पंधरा मिनिटं. पगार सरकारचा, नाहीतर जिल्हा परिषदेचा, नाहीतर डॉक्टरांच्या संघटनेनं वर्गणी काढून. ज्या जिल्ह्यानं पै-पै गोळा करून दूध संघ उभा केला, त्याला हे अवघड का वाटावं?

अडचण आहे, लपवत नाही. ऑस्ट्रेलियानं १९९८ मध्ये सरकारी पैशातून अशी राष्ट्रीय संस्था काढली होती. चोवीस-पंचवीस वर्षं चांगलं काम केलं, आणि २०२२ च्या अखेरीला निधी दुसरीकडं वळवल्यामुळं ती बंद पडली. म्हणजे एकदा सुरू केलं की झालं, असं नसतं. कंपनीच्या बॅगेला पैसे औषधाच्या विक्रीतून आपोआप मिळतात. दुसऱ्या बॅगेसाठी दरवर्षी कुणाला तरी भांडायला लागतं.

तोपर्यंत तुम्ही-आम्ही काय करायचं? डॉक्टरांशी भांडायचं नाही आणि गुगल बघून स्वतः गोळी बंद तर अजिबात करायची नाही. पण नम्रपणे तीन प्रश्न विचारता येतात. "डॉक्टर, यातलं कुठलं औषध अगदी गरजेचं आहे? हे किती दिवस घ्यायचं? याचं मूळ नाव काय, स्वस्त मिळेल का?" चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात, अनुभव घेऊन बघा. आणि औषधाचा काही वाईट परिणाम जाणवला तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय केंद्र सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. तिथं सामान्य माणूसही कळवू शकतो. साताऱ्यातल्या चिठ्ठ्या जशा मोजल्या गेल्या, तसं हे कळवलेलंही मोजलं जातं.

आता परत त्या वेटिंग रूममध्ये जाऊया. चंदगडची आजी अजून बसलीय. तिच्या पिशवीत एसटीचं परतीचं भाडं आणि औषधाला ठेवलेले पैसे आहेत. आत दोन-तीन मिनिटं जे बोलणं होईल, त्यावर ते पैसे कशाला जाणार ते ठरणार आहे. तिथं एक माणूस तिच्या बाजूनंही बोलायला असावा, एवढीच मागणी गेली पन्नास वर्षं चाललीय.

तुमच्या ओळखीत कुणी एमआर असेल, फार्मसीला असेल, डॉक्टर असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते मला कळवा. विरोधात असेल तर आधी कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!